वळणावरचा अर्धा तास

गुरुवारी सकाळी चऱ्होलीतल्या त्या वसाहतीत सूर्य समोरच्या अर्धवट इमारतीमागून वर येई. तिच्या भिंती अजून उभ्या राहिल्या नव्हत्या; नुसते खांब, स्लॅब आणि बाहेरून ताणलेली हिरवी जाळी. उजेडाला अडवणारं असं तिथे काही नव्हतं, तरी त्याला यायला वेळ लागे. आधी सर्वांत वरच्या सळयांची टोकं तांबूस होत. मग तो एकेका रिकाम्या मजल्यातून आरपार येई. कामगारांनी दोरीवर टाकलेल्या शर्टांतून, सिमेंटच्या धुळीतून, जाळीच्या बारीक छिद्रांतून गाळला जाऊन फिकट, किंचित हिरवट होई. आठाच्या सुमारास तो सातव्या मजल्यावरच्या बैठकीत पोचे, तोवर त्याच्यात ऊब उरलेली नसे. फरशीच्या सांध्यांवरून तो सरकत येई, प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय उजळी, औषधांच्या डब्याची कड उजळी, आणि मग लांब टेबलावर पसरलेल्या पिवळ्या कागदावर इतका तिरका पडे की कागदाची प्रत्येक सुरकुती डोंगररांगेसारखी उभी राही. त्यात सुंदर असं काही नव्हतं. तो रोजचाच उजेड होता. कंपनीच्या बसमधून जाताना मी तो खिडकीच्या काचेवर कितीदा तरी पाहिला होता. पण त्या टेबलापाशी मी त्याची वाट पाहत असे, कारण चाळीस वर्षांपूर्वीची पेन्सिल त्या अर्ध्या तासातच दिसे. ऊन वर चढलं की कागद नुसता कोरा वाटे.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर योगिनी केळुसकर बसलेल्या असत. वय सत्त्याहत्तर. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडेचा तेवढा उरला होता. त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या तोंड खिडकीकडे वळवत आणि मी त्यांना कानाजवळ कुठेतरी दिसे.

"आला का उजेड?" त्या विचारत.

"आला, मॅडम."

"मग वाच. आणि जरा मोठ्यानं वाच, बाबा. तू बोलतोस की देवळात नवस बोलतोस?"

मी चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. ओतीव लोखंडाच्या भागांवर यंत्राची टोपी टेकवून आत ध्वनी सोडायचा आणि परतलेल्या ध्वनीवरून आत भेग आहे की नाही ते सांगायचं, एवढंच माझं काम. भेग असली की लाल खडूनं फुली मारायची. सहा वर्षांत मी एकही सदोष भाग पुढे जाऊ दिलेला नाही. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. मोशीच्या एका दुकानावर "जुने आलेख वाचता येणारा मनुष्य हवा, सकाळी दोन तास" अशी चिठ्ठी लागलेली मी वाचली. चिठ्ठीखालचं नाव वाचून मी तिथेच बराच वेळ उभा राहिलो. ते नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

माझे वडील, ज्योतीराम, तुळजापूरच्या बाजूचे. तिथे विहिरीलाही पाणी नसे. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीचं पत्र हातात घेऊनच. एका संशोधन-जहाजावर त्यांनी चार वर्षं कंत्राटावर तंत्रज्ञाचं काम केलं. पुढे ते पिंपरीत आले, एका कंपनीत वायरमन झाले, आणि चार वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेले. जहाज सोडल्यावर त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही. म्हणून ते एकच गोष्ट सांगत: समुद्राच्या तळाची ती मोठी भेग बाईंना ज्या रेघेवर सापडली, त्या रेघेवर यंत्रासमोर पहारा माझा होता. चहाच्या टपरीवर सांगत, लग्नाच्या पंगतीत सांगत. बाईंचा फोटो असलेलं वर्तमानपत्राचं कात्रण आमच्या घरी काचेत लावलेलं आहे, देवांच्या फोटोशेजारी.

मी मॅडमना हे सांगितलं नाही. आधी त्या कागदांत बाबांचं नाव सापडू दे, मग सांगू, असं मी ठरवलं होतं. दर गुरुवारी निघताना आई विचारे, "दिसलं का रे नाव?"

"अजून नाही."

"मग तोंडानं सांग की. का तिथंबी मुका बसतोस?"

"सांगेन, आई. योग्य वेळ येऊ दे."

"तुझी येळ येईपर्यंत म्हातारी बसंल व्हय वाट बघत?"

वाचनाच्या मध्ये मध्ये मॅडम स्वतःबद्दल बोलत. आठवणी म्हणून नव्हे, तर एखाद्या प्रयोगाची नोंद द्यावी तसं. त्या संस्थेत लागल्या तेव्हा बाईमाणसाला जहाजावर पाठवण्याची पद्धत नव्हती. सात वर्षं त्यांनी पुरुषांनी आणलेले आकडे किनाऱ्यावर बसून मांडले. आठव्या वर्षी परवानगी मिळाली, ती स्वच्छतागृहाला आतून कडी बसवून घेण्याच्या अटीवर, आणि कडी त्यांनी स्वतः विकत नेली. समुद्राचा तळ मधोमध उसवतो, वर आलेला तप्त खडक थंड होताना त्या काळातल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा स्वतःत धरून ठेवतो, आणि म्हणून तळावर चुंबकत्वाचे पट्टे पडतात. हे त्यांनी मला टेबलावरच्या कागदावर बोट फिरवून समजावलं होतं. जहाजामागे लांब तारेला चुंबकमापक बांधून ओढायचा. यंत्राच्या खोलीत कागदाची गुंडाळी उलगडत राहते, पेन वरखाली होतं, आणि पहाऱ्यावरचा माणूस दर पाच मिनिटांनी कागदाच्या कडेला वेळ लिहितो.

"ती वेळ हेच सगळं," त्या म्हणाल्या. "जहाज कुठे होतं हे वर कप्तानाच्या वहीत असतं, तळाशी काय होतं ते आमच्या कागदावर. दोघांना जोडणारी गोष्ट एकच, घड्याळ. म्हणून यंत्राच्या खोलीतलं घड्याळ कायम ग्रीनिचच्या वेळेवर. जहाज पश्चिमेला निघालं की जेवणाखाणासाठी जहाजावरची घड्याळं मागे घेतात. आमच्या घड्याळाला हात लावायचा नाही."

शहाऐंशी सालच्या मोहिमेत त्यांनी एकामागून एक समांतर रेघा मारल्या. शेवटच्या रेघेवरचे पट्टे आधीच्या रेघेवरच्या पट्ट्यांशी जुळेनात. सगळेच्या सगळे नऊ किलोमीटर सरकलेले. याचा अर्थ दोन्ही रेघांच्या मध्ये तळ फाटला आहे. त्या भेगेला पुढे त्यांचं नाव पडलं. देशातल्या त्या पहिल्या बाई, ज्यांच्या नावानं समुद्राचा तळ ओळखला गेला. बढती झाली, पदक मिळालं, संस्थेच्या दालनात तसबीर लागली.

"मला मात्र आणखी एक रेघ हवी होती," त्या म्हणाल्या. "एका रेघेवर भेग सांगू नये. तीन वर्षं मी जहाज मागत होते. मला सत्कार दिला, जहाज दिलं नाही."

आणि आता, या वर्षीच्या जानेवारीत, एका परदेशी जहाजानं नव्या यंत्रांनी तो तळ चाळून काढला होता. भेग तिथे नव्हती. पट्टे सरळ गेले होते. संस्थेचं पत्र मॅडमची भाची सायली हिनं त्यांना वाचून दाखवलं, नंतर मलाही दाखवलं. भाषा सभ्य होती. मूळ रेघ सुमारे नऊ किलोमीटर सरकवलेली दिसते, तरी खुलासा करावा. 'सरकलेली' नव्हे, 'सरकवलेली'.

"चुकले असेन तर चुकले," मॅडम म्हणाल्या. "सत्त्याहत्तराव्या वर्षी चुकीची लाज वाटत नाही. पण मी आकडे हातानं सरकवले, असं माझ्यामागे कोणी म्हणता कामा नये. चूक कागदात आहे. मला ती दाखव."

संस्थेनं गोदाम रिकामं केलं तेव्हा त्या गुंडाळ्या त्यांनी घरी आणल्या होत्या, एकूण त्रेसष्ट. मी एकेक उलगडून वाचत गेलो आणि सायलीच्या सांगण्यावरून प्रत्येकीचे मोबाइलवर फोटो काढत गेलो.

एकसष्टावी गुंडाळी मी ऑगस्टमधल्या एका गुरुवारी उलगडली. शेवटच्या रेघेआधी जहाज वळलं होतं, त्या वळणाचा तो कागद होता. वळणावरचे आकडे कोणी मोजत नाही. जहाज वाकडं चालत असतं, पेन भरकटतं, म्हणून किनाऱ्यावर तो तुकडा वगळूनच पुढचे आकडे उतरवले जात. मॅडमनीही तो कधी पाहिला नव्हता. मी कडेच्या वेळा पुटपुटत होतो. एकवीस तीस, एकवीस पस्तीस, एकवीस चाळीस. बावीसपर्यंत गेलो. त्यापुढे पुन्हा एकवीस तीस होतं.

मी थांबलो. उजेड कागदावर आडवा पडला होता. पुन्हा एकवीस पस्तीस, पुन्हा एकवीस चाळीस. तोच अर्धा तास कागदावर दोनदा आला होता. दोहोंच्या मध्ये कडेला पेन्सिलनं मराठीत लिहिलं होतं: 'जहाजाची घड्याळे ३० मि. मागे घेण्याचा हुकूम. इथलेही घेतले.' खाली पहारेकऱ्याची आद्याक्षरं, जे. डी., आणि इंग्रजी आकड्यांत तारीख, सतरा.

तारखेतल्या सातला मधून आडवी रेघ होती. आमच्या गॅसच्या कार्डावर, माझ्या शाळेच्या वह्यांच्या वेष्टनांवर, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर सातला तशीच रेघ असे. अशी रेघ पुष्कळ लोक मारतात, असं मी मनाशी म्हणालो. बाबांची आद्याक्षरंही जे. डी.च होती, पण हा जनार्दन असेल, जगदीश असेल. मराठी लिहिणारे जहाजावर आणखी कितीतरी असतील.

"का थांबलास?" मॅडमनी विचारलं.

"पान चिकटलंय."

त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "गणराज, मी रात्रभर हिशेब करत होते. जहाज ताशी दहा सागरी मैलांनी चालत होतं. नऊ किलोमीटर म्हणजे बरोबर अर्धा तास. घड्याळाशी कोणीतरी काहीतरी केलं असणार. तिथे घड्याळाबद्दल काही लिहिलंय का? नीट बघ."

मी नीट पाहिलं. उजेड अजून हलला नव्हता. एकेक अक्षर स्पष्ट होतं.

"नाही, मॅडम. काही नाही."

"कडेला? पेन्सिलनं?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधानासारखं होतं, हे मला आजही सहन होत नाही. "मग घड्याळ नव्हे," त्या म्हणाल्या. "त्या रात्री पहाऱ्यावर ज्योतीराम होता. दुष्काळी भागातला पोरगा. बाकीचे डुलक्या काढायचे, याच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. सांगितलेलं काम शब्दाला शब्द करायचा, आणि जे केलं ते लिहून ठेवायचा. पेनात शाई भरली तरी लिहायचा, 'शाई भरली'. त्यानं घड्याळाला हात लावला असता तर लिहिल्याशिवाय राहिला नसता. तू म्हणतोस काही लिहिलेलं नाही, म्हणजे लावला नाही."

माझे हात कागदावर होते. चाळीस वर्षांनंतर एका माणसानं माझ्या वडिलांबद्दल चांगलं बोलावं, आणि ते माझं खोटं खरं ठरवायला वापरलं जावं. न बोलणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. पुढे मी त्या गुंडाळीचेही फोटो काढले. फक्त तो हातभर तुकडा सोडून दिला.

घरी आई पोळ्या लाटत होती. "सापडलं का नाव?"

"नाही. पहारेकऱ्यांची नावं लिहीतच नव्हते."

"असं कसं? ते तर म्हणायचे..." ती काचेतल्या कात्रणाकडे बघून थांबली. "जाऊ दे. लिहिलं नसलं म्हणून काय झालं. होते तर तेच ना तिथं."

"हो," मी म्हणालो. "तेच होते."

उरलेल्या दोन गुंडाळ्यांत काही नव्हतं. पुढच्या गुरुवारी मॅडमनी पत्र सांगितलं आणि मी लिहून घेतलं. 'मूळ नोंदी पुन्हा तपासल्या. यंत्रात, घड्याळात किंवा नोंदीत दोष आढळला नाही. रेघ का सरकली याचं कारण मी देऊ शकत नाही. मोहिमेची प्रमुख या नात्यानं जबाबदारी माझी आहे.' शेवटच्या वाक्यावर त्यांनी दोनदा विचार केला. मग म्हणाल्या, "खाली घे: 'मी आकडे बदललेले नाहीत.'" थोड्या वेळानं म्हणाल्या, "नको. खोड ते. कारण देता येत नसताना असलं वाक्य फार केविलवाणं दिसतं."

मी खोडलं. सही त्यांनी कागदाच्या कडेनं, तिरकी केली.

संस्थेचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. सायलीला सकाळी सभा होती, म्हणून तेही मीच वाचलं. भेगेचं नाव नकाशांतून काढण्यात येत आहे. दालनातली तसबीर हलवण्यात येत आहे. कारण उपलब्ध नसल्यामुळे रेघ हेतुपुरस्सर सरकवली गेली नव्हती, असं समितीला खात्रीनं म्हणता येत नाही. मूळ कागदावर याविरुद्ध काही पुरावा असल्यास पंधरा दिवसांत सादर करावा. त्यानंतर विषय बंद समजण्यात येईल.

"संपलं?" मॅडमनी विचारलं.

"संपलं."

"पुन्हा वाच. 'हेतुपुरस्सर'पासून."

मी पुन्हा वाचलं. त्यांचे हात मांडीवर एकावर एक होते. वरचा हात हळूहळू खालच्या हाताला दाबत होता, जणू आत काही धडपडत होतं आणि त्याला शांत करायचं होतं.

"सात वर्षं त्यांनी मला जहाजावर पाऊल ठेवू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "मी खोटं करीन असं तेव्हाही कोणी म्हणालं नव्हतं." मग अगदी साध्या आवाजात, "चहा टाकशील का? तू टाकतोस तो फार पाणचट असतो, पण आज चालेल."

स्वयंपाकघरात पाणी उकळेपर्यंत मी उभा राहिलो. पंधरा दिवस होते. एक वाक्य म्हणायचं होतं. ती गुंडाळी घेऊन मॅडमसमोर बसायचं, तो तुकडा वाचायचा, त्याचा फोटो पाठवायचा. मग त्या फक्त चुकलेल्या ठरल्या असत्या. मी बाहेर आलो, चहा त्यांच्या हातात दिला आणि कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं.

"गुंडाळ्या कुठे आहेत, मॅडम?"

"दिल्या की. रविवारी सायलीनं रद्दीवाला बोलावला. तिला कधीची ती जागा हवी होती. मी आजवर देऊ देत नव्हते." त्या चहा फुंकत होत्या. "त्यात काही नाही असं तूच म्हणालास ना? मग कशाला ठेवायच्या?"

मी चप्पल कशीबशी घातली. मॅडमनी काहीतरी विचारलं, ते मी ऐकलं नाही. मोशीच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती आणि तिच्या कडेनं मी दुचाकी दामटली. चांदभाईंचं रद्दीचं दुकान चौकाच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. ते तराजूजवळ स्टुलावर बसून पुठ्ठे बांधत होते.

"चाचा, चऱ्होलीहून रविवारी कागद आणला ना तुम्ही? पिवळा, लांबलांब गुंडाळ्या?"

"हां, आणला ना. सातवा माळा. लिफ्ट बंद होती, भाऊ, कंबर गेली माझी." त्यांनी सुतळीला गाठ मारली. "तो तर मंगळवारीच गाडीत गेला."

"कुठे?"

"मिलमध्ये. अजून कुठं?"

"एक गुंडाळी हवी होती. एकच. परत मिळेल का? मी जातो तिथे."

"आता काय मिळणार, राव? तिथं गेलं की हौदात. लगदा होऊन पुठ्ठा पण झाला असेल त्याचा." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा आधी. पाणी पिणार? तोंड बघा कसं झालंय. काय होतं त्यात, जमिनीचे कागद?"

"नाही."

"इथं सगळे जमिनीचेच कागद शोधत येतात. गेल्या महिन्यात एक जण रडला इथंच. सातबारा होता त्याचा."

"जमिनीचे नव्हते."

"मग काय होतं?"

त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. हातातली सुतळी त्यांनी खाली ठेवली होती. आजवर मला हे मॅडमनी आणि आईनं विचारलं होतं, आणि दोघींनाही त्या उत्तराची गरज होती. चांदभाईंना ती नव्हती.

"माझ्या वडिलांनी घड्याळ अर्धा तास मागे घेतलं होतं," मी म्हणालो, "आणि तसं त्यांनी लिहून ठेवलं होतं."